शेवटाला हात लावू नकोस

४ फेब्रुवारी

कॅमेरा मिळाला.

पार्सल छान बांधलं होतंस. एवढं एक कौतुक घे पदरात पाडून, कारण या पत्रात दुसरं मिळायचं नाही. पाच महिन्यांत चिठ्ठी नाही, चपाटी नाही, आणि एके दिवशी दारात खोकं. आत बाबांचा कॅमेरा, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेलही माझाच. ज्याची वस्तू त्याला परत करावी हे शहाणपण सुचलं हे बरंच झालं, पण सोबत ‘कशी आहेस’ एवढे दोन शब्द लिहिले असतेस तर पोस्टखात्यानं वजन वाढलं म्हणून दंड नसता केला.

असो. पत्ता तुझ्या वर्तमानपत्राच्या कचेरीतून काढलाय. भांडायला काढलेला नाही, कामाला काढलाय.

कॅमेऱ्यात रोल आहे. मला वाटलं होतं रिकामाच असेल, लेन्सला बुरशी लागली का ते बघावं म्हणून मागचं झाकण उघडायला निघाले होते. बोट खिट्टीवर होतं. नुसत्या सवयीनं आधी गुंडाळायची कळ फिरवून पाहिली, तर ती जड लागली. खिट्टी अजून थोडी ओढली असती तर सगळं गेलं होतं. काउंटर बाविसावर आहे. डार्करूममध्ये नेऊन रोल गुंडाळून काढला, आणि डबी बघितल्यावर खुर्चीत बसले. बत्तीसशेचा रोल, अंधाऱ्या जागेसाठीचा. आपल्या दुकानातून तो एकाच कामासाठी गेला होता. टिल्लूच्या कारखान्यात, लेबलांच्या खोलीत, थिनरच्या वाफा असतात म्हणून फ्लॅश चालत नाही, तिथं तुला लेबलं चिकटवणाऱ्या त्या मुलीचे काम करतानाचे फोटो काढायचे होते. प्रदर्शनासाठी. आगीच्या आदल्या दिवशी तू जाऊन आलास आणि मला म्हणालास, उजेड नव्हता, काही जमलं नाही.

म्हणजे काही तरी काढलं होतंस.

आता टिल्लूचं ऐक. तू विचारणार नाहीस, मीच सांगते. आपल्या या सहा फुटी टिल्लूवर, जो माझा एकुलता एक भाऊ आणि तुझा एकुलता एक मेहुणा आहे, आता कंपनीची चौकशी नाही, सरकारी चौकशी बसली आहे. कारखान्याला आग लागली तेव्हा ती मुलगी लेबलांच्या खोलीत एकटी होती. पुढच्या हॉलमधून आग आली, मागचं सरकतं लोखंडी दार बंद सापडलं आणि मुलगी आतच गेली. ते दार पाळी चालू असताना उघडंच ठेवायचं असा नियम आहे, आणि पाळीचा मुकादम टिल्लू होता. कंपनी म्हणते, हा रोजच दार ओढून घ्यायचा, मुलींनी बाहेर जाऊन बसू नये म्हणून. टिल्लू म्हणतो, माझ्या पाळीला दार रोज उघडं असायचं. साक्ष द्यायला कुणी पुढं येत नाही. नोकरी गेली आहेच. अठ्ठावीस तारखेच्या चौकशीत कंपनीचं म्हणणं टिकलं तर खटला होईल आणि पोरगा तुरुंगात जाईल.

तुझ्या रोलमध्ये ते दार असणार. आदल्या दिवशी उघडं असलेलं एक दार. तेवढंच मला हवं आहे.

म्हणून विचारते. कॅमेऱ्यावरचा वेगाचा डायल सोळाशेवर आहे. तो तू ठेवलास की पार्सलात फिरला? तुझी खोड मला ठाऊक आहे, एका आकड्यावर रोल लावायचा, अर्ध्यात दुसरा लावायचा आणि धुवायला माझ्यासमोर आणून टाकायचा. तुला हे सांगायला नको, पण रागात आहे म्हणून सांगते. डेव्हलपरमध्ये वेळ कमी दिला तर पातळ पाण्यासारखी निगेटिव्ह हाती येईल, जास्त दिला तर दाराचा उजेड फुटून नुसता डाग होईल. एकच रोल आहे. दुसऱ्या संधीचा प्रश्नच नाही. आणि हा रोल दुधासारखा नासतो. पाच महिने कुठल्या कपाटात, कुठल्या उकाड्यात होता देव जाणे.

एक उपाय आहे. टोकाचा तुकडा कापायचा, तेवढाच आधी धुवायचा, त्यावरून बाकीच्याची वेळ ठरवायची. पण काळोखात सुरी कुठल्या फोटोतून जाते ते कळत नाही. म्हणून दोनच गोष्टी कळव. आकडा काय होता, आणि कुठल्या टोकाकडून कापू.

‘तुझ्या भावाचं तू बघ’ म्हणून गेलास ना? बघते आहे. एवढं फक्त सांग.


११ फेब्रुवारी

आठवडा गेला. उत्तर नाही.

तू वाचलंस हे मला माहीत आहे. तू पत्र न वाचता ठेवूच शकत नाहीस, विजेच्या बिलावरच्या सूचनासुद्धा वाचतोस. म्हणजे वाचून गप्प आहेस.

रोल थंडगार कपाटात, काळ्या डब्यात ठेवलाय आणि मी दिवसातून दहादा जाऊन डबा जागेवर आहे ना ते बघते. काल एका लग्नाचे रोल धुताना वेळ चुकले. मी! तू असतास तर चार दिवस हसला असतास.

टिल्लू इथंच राहतो आहे. त्याची बायको पोराला घेऊन माहेरी गेली आहे, शेजारणी खिडकीतून बोटं दाखवतात म्हणून. तो सकाळी उठतो, बादल्या भरतो, माझे ट्रे घासतो. ट्रे एवढे घासले आहेत की रंग उडाला. बोलत मात्र नाही. मी विचारलं, त्या दिवशी दार कोणी लावलं? म्हणाला, मी. का लावलंस? म्हणाला, लावलं. मी म्हटलं, अरे, रोज उघडं ठेवणारा माणूस त्याच दिवशी कशाला लावेल, काही तरी कारण असेलच की. तर उठून परत ट्रे घासायला गेला.

काल त्याला रोलचं सांगितलं. म्हटलं, तुझ्या भावजींच्या कॅमेऱ्यात रोल सापडलाय, आदल्या दिवशीचा, त्यात दार उघडं दिसलं तर तू सुटलास. मला वाटलं, पोरगा उडी मारेल. त्यानं घासत असलेला ट्रे खाली ठेवला. म्हणाला, “ताई, तो रोल फेकून दे.”

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. कुणाजवळ बोलू? आईजवळ बोलायची सोय नाही, ती आधीच अंथरुणाला खिळली आहे. म्हणून तुझ्याजवळ बोलते, लाज सोडून. समजा कंपनीचंच खरं असलं तर? तो रोजच दार लावत असला तर? लहानपणी चूक केली की तो असाच गप्प बसायचा आणि भांडी घासायचा. आणि तूही गप्प. दोघंही एकाच गोष्टीवर गप्प बसता, तेव्हा मधल्या माणसानं काय समजायचं?

रोल धुतला आणि त्यात दार बंद निघालं तर मी काय करीन, हे मी अजून ठरवलेलं नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं होतं. राहू दे.

आकडा कळव.


१९ फेब्रुवारी

तुझं कार्ड आलं. ‘बत्तीसशे. कापायचंच तर सुरुवातीचं काप. शेवटाला हात लावू नकोस.’ खाली सही नाही. कंजूष माणसा, पोस्टकार्डावर बाकी सगळी जागा कोरी ठेवलीस.

पण उत्तर दिलंस. दिलंस हे खरं. मी ते कार्ड डार्करूमच्या दाराला टाचणीनं लावलंय. शेवटाला का हात लावायचा नाही, यावर फार डोकं चालवलं नाही. मला वाटलं, शेवटी शेवटी तुझा हात बसला असेल, चांगले फोटो तिथं असतील. तुझा जीव फोटोत अडकलेला असतो, हे मला नवीन नाही.

आज दुपारी केलं. टिल्लूला बाहेर बसवलं आणि सांगितलं, छप्पर पडलं तरी दार वाजवायचं नाही. या रोलला लाल दिवासुद्धा चालत नाही, म्हणून दाराच्या फटीत चादरी कोंबल्या. घड्याळाचे चमकणारे काटेही झाकले. मग हातानंच. डबीतून रोलची जीभ बाहेर काढली, वीतभर ओढली, कात्री लावली. उरलेला रोल काळ्या डब्यात, तुकडा टाकीत.

वेळ तू सांगितलेल्या आकड्याची नाही दिली. डबीवर काहीही लिहिलेलं असो, या रोलचा खरा वेग त्याच्या निम्म्याच्याही खाली आहे, हे तुला मी लग्नाआधीपासून सांगते आहे. तक्त्यात बत्तीसशेच्या वरचा जो आकडा आहे त्याची वेळ दिली. टाकी हातात धरून उलटी सुलटी करताना मी चक्क आकडे मोठ्यानं म्हणत होते. बाहेरून टिल्लू विचारत होता, ताई, कुणाशी बोलतेस?

तुकडा पाण्यातून काढला, दिव्यासमोर धरला. दोन पूर्ण फोटो आणि तिसऱ्याची कड. खोलीतलं टेबल, गोंदाचा डबा, पाठमोरी ती मुलगी. आणि तिच्या पलीकडे एक उभा, काळाकुट्ट चौकोन.

निगेटिव्हवर काळा. म्हणजे उजेड. म्हणजे दार उघडं! सताड उघडं, आणि उन्हानं असं भरलेलं की चौकट सुद्धा वितळली आहे. मी तशीच ओल्या हातांनी बाहेर आले आणि टिल्लूच्या पाठीत धपाटा घातला. म्हटलं, मुला, तू खोटं बोलत नव्हतास! मी त्याच्यावर संशय घेतला होता ना, तो सगळा राग त्या धपाट्यात गेला. तो हसला नाही. म्हणाला, बाकीचा नको धुऊस, एवढा पुरे की. मी म्हटलं, वेडा आहेस का, तुकड्यावर कोण विश्वास ठेवेल, सलग रोल दाखवावा लागेल.

बाकीचा उद्या. वेळ आता बरोबर सापडली आहे. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

तुझे आभार मानायचे नाहीत असं ठरवलं होतं. मानते.


२० फेब्रुवारी

धुतला. वाळला. प्रिंट केले.

तू सुरुवातीचं काप म्हणालास ते का, ते कळलं.

सुरुवातीच्या सगळ्या फोटोंत दार उघडं आहे आणि सगळे फोटो वाया गेलेले आहेत. मागून उजेड एवढा की मुलीचा चेहरा म्हणजे नुसती सावली. ओळीनं तेच. मग एक फोटो असा आहे की त्यात मुलगी नाहीच. त्यात टिल्लू आहे. खांदा दाराला लावलेला, दोन्ही हातांनी दार ओढतोय, अर्धं बंद झालं आहे. आणि मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय. भुवया वर, तोंड किंचित उघडं. माणूस ‘एवढं पुरे का?’ असं विचारताना जसा दिसतो, तसा.

त्याच्या पुढच्या एकाही फोटोत काळा चौकोन नाही. वरच्या झरोक्यातून मऊ उजेड येतोय, आणि चेहरा दिसतोय. हात दिसतात, बोटांना लागलेला गोंद दिसतो. शेवटच्या फोटोत ती हसते आहे. मनगटावर एक लेबल चिकटलंय आणि ती कुणी तरी काही बोललं म्हणून मान मागं टाकून हसते आहे. तू आजवर काढलेला हा सगळ्यात चांगला फोटो आहे. मी तुझे सगळे फोटो धुतले आहेत, मला कळतं.

तिच्या मागं कोपऱ्यात पाळीचा फळा आहे. अंधारात आहे, साध्या वेळेत धुतला असता तर तो उमटलाच नसता. मी तेवढाच भाग मोठा करून छापला. दाणे फुटून वाळू सांडल्यासारखं झालंय, पण खडूची तारीख वाचता येते.

आदल्या दिवशीची नाही. आगीच्या दिवसाची आहे.

आठ वर्षं तुझ्यासाठी मी खिडक्या लावल्या. बारशात, लग्नात, आपल्या पहिल्या खोलीत. ‘मागचा उजेड फुटतोय, जरा ते लाव ना.’ हे वाक्य मी झोपेत सुद्धा ओळखीन. आणि तू मला सांगितलंस की तू आदल्या दिवशी गेला होतास.

आज याहून जास्त लिहिता येत नाही.


२२ फेब्रुवारी

टिल्लूसमोर प्रिंट ठेवले. दाराचा वर, हसण्याचा खाली. म्हटलं, आता ट्रेला हात लावलास तर हात मोडीन. बोल.

बोलला. रडत बोलला, सहा फुटी माणूस. तुला त्यानं मागच्या दारानं आत घेतलं होतं, कंपनीच्या परवानगीशिवाय, माझ्या शब्दाखातर. तू म्हणालास, पाच मिनिटं दार ओढ. ते दार खाचेत बसलं की त्याच्यासारख्या गड्यालाच हलतं. त्यानं ओढलं. तेवढ्यात अंगणात ट्रक आला म्हणून त्याला हाक आली. जाताना तो तुला म्हणाला, “भावजी, झालं की मला हाक मारा. तिला एकटीला हे उघडायचं नाही.” तू बरं म्हणालास. मान न वळवता, डोळा कॅमेऱ्याला लावून, हेही त्यानं मला करून दाखवलं.

हाक मारली नाहीस. चहाची सुट्टी झाली, हॉल रिकामा होता, तू तिथून पुढच्या दारानं निघून आलास. तुला ते शेवटचे फोटो मिळाले होते. तू खुशीत असशील. मला तुझी ती खुशी माहीत आहे, त्यात तू घराची किल्लीसुद्धा विसरतोस. सुट्टी संपल्यावर हॉलमधल्या यंत्राच्या मोटारीची ठिणगी पडली.

मी टिल्लूला विचारलं, मग पाच महिने तोंड का शिवून बसलास? म्हणाला, तुझा संसार मोडला असता. मी म्हटलं, संसार तर मोडलाच की रे, तो निघूनच गेला. त्यावर म्हणाला, तोवर मी ‘मीच लावलं’ असं लिहून दिलं होतं, आणि ताई, लावलं तर मीच ना.

मी तुझ्यावर ओरडावं अशी तुझी अपेक्षा असेल. परवापर्यंत ओरडत होते, आज आवाज नाही. एकच गोष्ट मला डोक्यातून काढता येत नाही. तू एकेक फोटो मोजून काढणारा माणूस. कॅमेऱ्यात रोल विसरून पार्सल करणाऱ्यांतला तू नाहीस. तो रोल तू फेकू शकत होतास, झाकण एकदा उघडलं असतंस तरी सगळं पुसलं गेलं असतं. तू तसा पाठवलास. माझ्याकडे, जिला तो धुतल्याशिवाय राहवणार नाही तिच्याकडे. आणि मी विचारल्यावर खरा आकडा कळवलास, शेवट जपायला सांगितलंस. जे तोंडानं सांगवलं नाही ते माझ्या हातानं काढून घेतलंस. याला मी भित्रेपणा म्हणू की काय म्हणू, मला ठरवता येत नाही.

आता ऐक. हा रोल जसा आहे तसा नेला तर टिल्लू सुटत नाही. अडकतो. रोज दार उघडं असायचं हे दिसतं, पण त्या दिवशी ओढताना त्याचेच हात दिसतात. तू दिसत नाहीस. फोटो काढणारा कधीच दिसत नाही. तुझा शब्द सोबत असेल तरच त्या फोटोला अर्थ आहे.

आणि नेला नाही तर? रोल आहे हे तिघांनाच माहीत आहे. टिल्लू म्हणतोय जाळ. काल मी निगेटिव्ह स्टोव्हशेजारी घेऊन गेले होते. काडी पेटवली नाही, पण गेले होते, हे तुला कळावं. मग तो हसणारा चेहरा हातात आला आणि परत आले. त्या मुलीचं शेवटचं जे काही आहे ते माझ्याकडे आहे. ते जाळायचा हक्क मला कुणी दिलाय?

म्हणून मी अठ्ठावीसला सगळा रोल घेऊन जाणार आहे. तू ये. सकाळी दहाला, कलेक्टर कचेरीचा दुसरा मजला. आलास तर तुझ्यावरही खटला होईल, हे झाकून ठेवत नाही. ये तरीही. मी दरवाजाशी उभी राहीन.


१ मार्च

तू आला नाहीस.

पावणेदहापासून मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. खाली पाऊल वाजलं की वाकून बघायची. शिपायानं दोनदा आत बोलावलं, तिसऱ्यांदा टिल्लूनंच माझा हात धरून नेलं. म्हणाला, ताई, चल, नाही येत ते.

चौकशी अधिकारी मोठा शांत माणूस आहे. कंपनीचा वकील मात्र फोटो बघून खूश झाला. दार ओढणाऱ्या टिल्लूचा प्रिंट त्यानं स्वतः उचलला आणि म्हणाला, बाईंनी आमचंच काम केलं. टिल्लू खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं, आपण आपल्या भावाला आपल्या हातानं दिलं.

मग अधिकाऱ्यांनी तो प्रिंट स्वतःकडे घेतला, चष्मा वर केला आणि तो डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, “हा बघतोय कुणाकडे?”

मी म्हटलं, “माझ्या नवऱ्याकडे.”

तुला वाचवायचा विचार तेव्हा आलाच नाही, असं लिहीन तर ते खोटं होईल. आला. पण तोंड आधीच उघडलं होतं. मग सगळं सांगितलं. फोटो ओळीनं मांडले, उघड्या दाराचे, मग हा, मग बंद दाराचे, आणि समजावलं की कुठलाही फोटोग्राफर हा रोल घालून असल्या खोलीत उभा राहिला तर पहिली गोष्ट काय मागेल. फळ्यावरची तारीख भिंगाखाली दाखवली. तुझं कार्डही ठेवलं. वकील म्हणाला, हा सगळा बाईंचा अंदाज आहे. तेव्हा टिल्लू उठला. पाच महिन्यांनी चारचौघांत बोलला, आणि बोलला तेही स्वतःला न वाचवता. ताई म्हणते ते खरं आहे, पण दार मी ओढलं, आणि परत उघडलं का ते बघायला मी गेलो नाही.

रोज दार लावायचा हा आरोप गळून पडला. कंपनीचं ते म्हणणं टिकलं नाही, रोलनंच ते पाडलं. त्या दिवसाचा निकाल राखून ठेवलाय, तुझा जबाब होईपर्यंत. पुढची तारीख वीस. तू आला नाहीस तर सगळं टिल्लूच्या एकट्याच्या डोक्यावर जाईल, हे अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं. तुझ्या नावानं नोटीस निघाली आहे. ती तुला मिळेल, आणि मिळाली नाही असंही तुला म्हणता येईल. माणसं म्हणतात.

पण हे पत्र मी नोटिशीसाठी लिहीत नाही.

त्या मुलीची आई आली होती. मागच्या बाकावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिनं सगळं ऐकलं, तुझं नावगाव, तुझं ‘पाच मिनिटं दार ओढ’, सगळं. उठताना ती माझ्याकडे आली. मला वाटलं आता ही माझ्या तोंडावर थुंकणार, आणि मी तयार होते. तिनं विचारलं, त्यातला एक मला मिळेल का? मी हसण्याचा प्रिंट दिला. माझ्याकडे तेवढाच चांगला कागद होता.

ती बाई तो प्रिंट घेऊन खिडकीशी उजेडात गेली आणि उभीच राहिली. शिपाई कुलूप लावायला आला तरी हलेना. मग परत आली. रडत नव्हती. म्हणाली, “घरी ही अशी कधी हसली नाही, ताई. बाप गेल्यापासून तर नाहीच. तिथं तर हिच्यासमोर तुमचे मालकच होते ना? एवढं काय बोलले ते, ही अशी हसली? मला तेवढंच हवंय. त्यांना म्हणावं, येऊन सांगून जा.”

मी तिला सांगितलं, मला माहीत नाही. ते फक्त तुला माहीत आहे. जगात दुसऱ्या कुणालाच नाही.

ती सोमवारी दुकानात येणार आहे. तिला मी काय सांगू?